ओंजळ कशी धरायची

हे आजवर मी कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, दादाच्या नाही, मायच्या तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात शाळेत जे झालं, ते आता पोटात राहत नाही म्हणून असेल. नीट सांगता येईल का, तेही ठाऊक नाही. मी बुलडाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. वर्गात तासभर न अडखळता बोलते. आणि इथे — बघा ना — अजून मूळ गोष्टीला हातही घातलेला नाही.

एक आधीच सांगून ठेवते. मी डूख धरणारी बाई आहे. कुणी टाकून बोललं तर त्या वेळी मी गप्प बसते, हसतेसुद्धा, आणि ते वाक्य मनात ठेवून देते. नवऱ्याला वाटतं, मी विसरून जाते. मी काही विसरत नाही. म्हणून पुढे मी कशाबद्दल चुकले म्हणते आणि कशाबद्दल म्हणत नाही, ते जरा लक्ष देऊन ऐका. सगळ्याच गोष्टींचा मला पस्तावा झालेला नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, रोहिणखेडच्या बाजूचं. नाव सांगत नाही. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, बौद्धांची. वरच्या अंगाला, पाराजवळ, कौसल्याबाईचं घर. गाव तिला कौसाबाई म्हणतं. तिच्या घरी कपाशी, मका, बोअरला बारमाही पाणी, आणि एक मुलगा राजकारणात. सगळे तिला अहोजाहो करतात, मीही समोर करायचे. इथे करणार नाही. एवढी सूट मी घेते.

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. माय कौसाबाईच्या कपाशीत निंदायला जायची. शनिवारी शाळा लवकर सुटली की मीही तिच्या मागे जायचे. एका दुपारी ऊन असं होतं की जीभ टाळूला चिकटली. शेतातली घागर रिकामी झाली होती, म्हणून माय मला घेऊन तिच्या घराच्या ओसरीशी गेली. कौसाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. मायनं न सांगता ओंजळ धरली, प्यायली, बाजूला झाली. मग माझी पाळी आली. मी सरळ तांब्याला हात घातला.

माझं काय चुकलं? शाळेत आम्ही सगळी पोरं एकाच माठातलं पाणी एकाच ग्लासनं प्यायचो. त्याच शाळेत तिचा नातेवाईकही होता, माझ्याच रांगेत बसायचा. मला वाटलं, पाणी असंच पितात.

तिनं तांब्या झटकन मागे घेतला. "हात नको लावू व! ओंजळ कर, ओंजळ."

मी ओंजळ केली. मला येत नव्हती. तिनं तांब्या उंच धरला आणि धार सोडली — मुद्दाम उंच, मला आजही शपथेवर सांगता येईल. पाणी नाकात गेलं, कोपरांवरून ओघळलं, फ्रॉक भिजला. आत उभ्या असलेल्या तिच्या सुना हसल्या. आणि ती म्हणाली, "पाहा, सारं सांडून टाकलं! पाणी का फुकट येते? प्यायचंही वळण नाई पोरीले."

पाणी फुकट येतं का. हे वाक्य मी ठेवून दिलं.

परतताना माय पुढे झाली. बांधावर आल्यावर खाली बसली, माझे हात हातात घेतले आणि मला शिकवलं. "मनगटं जोडायची. करंगळ्या जुळवायच्या. कोपरं पोटाशी, हनुवटी खाली. मंग थेंब सांडत नाई." मी रागानं हात ओढून घेतले. मला राग कौसाबाईचा यायला हवा होता, पण त्या वेळी तो मायचा आला. तिला हे येतं कसं, याचा आला. कौसाबाईचा राग नंतर आला, आणि तो मग गेलाच नाही.

वर्षं गेली. मी शिकले, बुलडाण्याला कॉलेजात आले. भाषणं करू लागले. जयंतीला आमच्या वस्तीत महाडच्या तळ्याची गोष्ट मी सांगायचे, आणि अशी सांगायचे की म्हातारी माणसं डोळे पुसायची. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत मला फ्रॉकमधून टपकणारं पाणी ऐकू यायचं. खरं सांगू? तळ्याची गोष्ट सांगताना माझ्या डोळ्यांपुढे तळं नसायचं. कौसाबाईची ओसरी असायची.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी गाव शोधणं सुरू झालं. गाव मीच सुचवलं. "सर, आमच्या गावात पाण्याचा फार प्रश्न आहे," म्हणाले. प्रश्न होताच, खोटं काही नव्हतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. पण मी सुचवलं ते नळासाठी नव्हे, हे सरांना कुठे ठाऊक होतं? सकाळी मुलं नाल्यावर वनराई बंधारा बांधणार, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरणार. दुपारी गावात फिरणार. आणि शाळेतल्या लहान पोरांना पाणी वाचवायला कुणी शिकवायचं? मी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, मला पोरांची आवड.

बारक्या पोरांच्या वर्गात गेले तेव्हा कौसाबाईची नात कोणती, हे मला आधीच माहीत होतं. ईश्वरी. दुसरीत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, बोलता बोलता मान हलवायची सवय. आणि तिच्या शेजारी, तिला चिकटून, कोण बसलेलं? माझी भाची तन्वी, दादाची पोर. दोघी जिवलग मैत्रिणी. मला हे ठाऊक नव्हतं. दादानं कधी सांगितलं नव्हतं, कदाचित त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जातं. त्या पहिल्याच दुपारी, शाळेच्या पायरीवर, माझ्या डोळ्यांदेखत, ईश्वरीनं बाटली तोंडाला लावून पाणी प्यायलं आणि न पुसता तशीच तन्वीच्या हातात दिली. तन्वीनं तोंड लावलं. मग बाटली परत ईश्वरीकडे गेली. दोघी पीत होत्या आणि गप्पा मारत होत्या.

मी काय पाहत होते, कळतंय का तुम्हाला? कौसाबाईची नात आमच्या पोरीचं उष्टं पाणी पीत होती. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी भाषण केलं नव्हतं. माझ्या मायनं जन्मात जे पाहिलं नाही ते माझ्यापुढे पायरीवर बसून चाललं होतं. त्या क्षणी मी उठून नाचायला हवं होतं. निदान डोळे तरी भरायला हवे होते.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं — म्हातारी सुटली. तिला कुणी कसलीच किंमत मोजायला न लावता सगळं आपोआप संपत चाललंय. उद्या ती मरेल आणि लोक म्हणतील, कौसाबाई देवमाणूस होती. आणि माझा फ्रॉक? तो ओलाच राहणार का?

मग मी धडा बसवला.

सुरुवात सरळ केली. दात घासताना मगात पाणी घ्या, नळ सोडून ठेवू नका. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घाला. माठाखाली भांडं ठेवा. टाळ्या वाजवत म्हणायचं एक गाणंही रचलं. पोरं खूश. शिबिराच्या अर्ध्यावर मी शाळेतले सगळे ग्लास गोळा केले आणि पोरांपुढे विसळले. विसळलेलं पाणी एका बादलीत धरलं. बादली भरत आली तशी पोरं पुढे सरकून आत डोकावू लागली. म्हटलं, "बघा, एका वेळच्या पाणी पिण्यापायी एवढं पाणी नुसतं ग्लास धुण्यात जातं. मग ग्लासच नको असला तर?"

आणि मी त्यांना ओंजळ शिकवली.

"मनगटं जोडायची. करंगळ्या जुळवायच्या. कोपरं पोटाशी, हनुवटी खाली. थेंब सांडत नाही." मायचे शब्द. जसेच्या तसे. एकानं वरून ओतायचं, दुसऱ्यानं प्यायचं. पोरांना तो खेळ वाटला. कुणाचं पाणी सांडत नाही याची चढाओढ लागली. ईश्वरीची ओंजळ सगळ्यांत चांगली व्हावी म्हणून मी तिच्याकडून ती घोटून घेतली. ओतायचंही तिलाच शिकवलं — उंचावरून, बारीक धार. ती जीव लावून शिकली. "ताई, बराबर झालं?" असं दर वेळी विचारायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. त्या हाताची मला आज किळस येते.

शिबिराचा समारोप शाळेच्या पटांगणात होता. पुढच्या खुर्च्यांवर गावातली मानाची माणसं बसली होती. कौसाबाईचा मुलगा तेव्हा उपसरपंच, म्हणून ती पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून. मागे सतरंज्यांवर सगळं गाव, आमची वस्तीही. माय कडेला, भिंतीला टेकून बसली होती. गाणं झालं, भाषणं झाली. मग मी माईक घेतला आणि जाहीर केलं की आता मुलं प्रात्यक्षिक दाखवतील, आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना पाणी देतील.

आधी दोन-तीन मुलांना पाठवलं. लोकांनी कौतुक केलं, ओंजळी धरल्या, हशा झाला. शेवटी ईश्वरी. तांब्या तिच्या हातात मीच दिला. ती आजीपुढे जाऊन उभी राहिली. मान हलवत म्हणाली, "आजी, ओंजळ कर."

कौसाबाई हसत होती. ते हसू हळूहळू गेलं. तिनं नातीकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग वर — माझ्याकडे. मी माईक तोंडाशी धरला आणि गोड आवाजात म्हटलं, "करा ना, आजी. लेकरू शिकलंय. पाणी का फुकट येते?"

तिनं मला ओळखलं. कुणाची पोर, कोणती दुपार, सगळं. मी ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. साऱ्या गावासमोर नातीला नाही म्हणणार कशी? तिनं हात पुढे केले. म्हातारपणानं बोटं वाकडी झालेली, करंगळ्या जुळेनात. ईश्वरीनं मी शिकवल्याप्रमाणे उंचावरून धार सोडली. पाणी बोटांतून गळलं, कोपरांवरून ओघळलं, नव्या लुगड्याची पुढची बाजू चिंब झाली. पोरं खिदळली.

मीही हसले. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, आजीले येतच नाई," ईश्वरी रडवेली होऊन म्हणाली. मग तांब्या खाली ठेवून ती आपल्या फ्रॉकच्या घेरानं आजीचे कोपर पुसायला लागली.

मला त्या वेळी काय वाटलं, ते लपवत नाही. गोड वाटलं. इतकं गोड मला त्याआधी आणि त्यानंतर काही वाटलेलं नाही. लग्नात नाही, नोकरीची ऑर्डर आली तेव्हा नाही. आणि खरं विचाराल तर त्या बाईबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा ती दुपार आली, पुन्हा ती खुर्ची, तर मी पुन्हा तेच करेन की काय, अशी मला धास्ती वाटते. माफी मागायला मी तिच्या दारात गेले नाही, जाणारही नाही. ही कबुली तिच्यासाठी नाही.

निघताना ती माझ्यापाशी थांबली. पदर पिळला. "चांगलं शिकवलं व पोरी," म्हणाली. "आता ध्यानात ठेवीन." मला वाटलं, हरलेल्या बाईचं बोलणं. मी नमस्कारसुद्धा केला.

तिनं खरंच ध्यानात ठेवलं.

तिच्या शेतात तोवर सुनेनं मजुरांसाठी पाण्याचा जार ठेवायला सुरुवात केली होती, वर स्टीलचे ग्लास. काळ बदलला होता, सुनाही बदलल्या होत्या. शिबिर झालं आणि कौसाबाईनं ते ग्लास उचलून घरात नेले. आमच्या बाया निंदायला गेल्या आणि ग्लास कुठे म्हणून विचारू लागल्या, तर तिनं तांब्या पुढे केला. "ओंजळ करा. पाणी वाचते. तुमच्याच पोरीनं शिकवलं ना साऱ्या गावाले?" बायांनी ओंजळी धरल्या. तिथे कुणी कुणाला हलकं म्हटलं नव्हतं. पाणी वाचवायचं होतं फक्त.

शाळेतही तेच झालं. पहिले काही दिवस सगळीच पोरं सगळ्यांना ओतायची. मग वरच्या आळीतल्या पोरांना घरून सांगणं झालं: बाटलीला दुसऱ्याचं तोंड लागू द्यायचं नाही, मैत्रिणीनं मागितलं तर द्यायचं, पण ताईनं शिकवलं तसं, वरून. पोरांनी ऐकलं. ती चांगली पोरं होती, पाणी वाचवणारी. ईश्वरी बाटली उंच धरायची, तन्वी ओंजळ करायची. दोघींची मैत्री तशीच होती. एकाच पायरीवर बसायच्या, हसायच्या. फक्त तन्वीच्या बाटलीतलं पाणी आता कुणी मागायचं नाही.

काही महिन्यांनी दादाचा फोन आला. आवाज चढलेला. "काय शिकवलं व तू पोराईले? तन्वी घरात ओंजळ करून पाणी मागून राह्यली. ग्लास दिला तर म्हणते, आत्यानं सांगतलं. शाळेत तिले वरून पाणी देतात, तुले माहीत आहे का? मी उद्या शाळेत जातो, हेडमास्तरलेच विचारतो."

इथे — इथे मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं: दादा, मी मुद्दाम केलं. म्हातारीला भिजवायचं होतं म्हणून केलं. तू जा शाळेत, मीही येते, पोरांना एकत्र बसवून सांगू की ताईनं चुकीचं शिकवलं. एवढ्यानं ते थांबलं असतं. पोरं होती ती, जितक्या लवकर शिकली तितक्याच लवकर विसरली असती.

मी काय म्हटलं? "मी पाणी वाचवायचं शिकवलं, दादा. ग्लास धुवायचं पाणी वाचते. लोकांनी त्याचं भलतंच केलं, तर मी काय करू? आणि तू शाळेत जाशील तर ते माझंच नाव पुढे करतील. माझ्या नोकरीचं चाललंय, माझं नाव कशाले गोवतो?"

त्यानं फोन ठेवला. शाळेत गेला नाही. बहिणीचं नाव खराब होईल म्हणून गेला नाही. त्याच्या पोरीनं ओंजळ धरायची आणि त्यानं माझ्या अब्रूसाठी तोंड मिटून बसायचं, असा तो सौदा मी करवला, आणि त्याला कळलंही नाही.

वस्तीतल्या बायांनी मायला धारेवर धरलं. तुझ्या शिकलेल्या पोरीनं आम्हाला परत ओंजळ धरायला लावली, म्हणाल्या. माय त्यांच्याशी भांडली. "माह्या पोरीनं चांगल्यासाठीच शिकवलं असन. तिच्या मनात पाप नाई." हे मला वहिनीनं सांगितलं. मी फोनवर नुसतं "हाव" म्हटलं.

पण वहिनीनं आणखी एक सांगितलं, सहज, हसत. तन्वी घरी सगळ्यांना ओंजळ शिकवायची: मनगटं जोडायची, करंगळ्या जुळवायच्या, कोपरं पोटाशी. एकदा ती आजीलाच शिकवायला बसली. माय तिचं बोलणं ऐकत राहिली, मग उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

आपले शब्द मायनं ओळखले नसतील का? बांधावर बसून तिनं ते एकाच माणसाला शिकवले होते. समारोपाला ती भिंतीला टेकून बसली होती, माझं हसणंही तिनं ऐकलं होतं. आणि तरी ती बायांशी भांडली. की म्हणूनच भांडली? माय अजून आहे. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. मी गावी जाते, तिच्याजवळ बसते, तिचे पाय चेपते. तिनं मला आजपर्यंत एका शब्दानं विचारलेलं नाही. आणि मी जातेच अशी की तिला विचारायला फुरसत मिळू नये.

तन्वी आठवीनंतर माझ्याकडे बुलडाण्याला शिकायला आली. पहिल्या दिवशी एसटीतून उतरून घामाघूम होऊन घरात आली, मी ग्लास भरून पुढे केला, तर तिनं पिशवी खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले. मग स्वतःच हसली. "सवय झाली व आत्या," म्हणाली आणि ग्लास घेतला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. भाजी करपू दिली.

आता गेल्या आठवड्याचं. आमच्या शाळेत यंदा नववीच्या मुलांनी पहिलीच्या वर्गात जाऊन पाणी वाचवण्याचे धडे द्यायचं ठरलं. जबाबदारी माझ्याकडे आली — अनुभव आहे ना मला. मुलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कॉलेजात असताना काय काय शिकवलं होतं?" मी सांगितलं: दात घासताना मगातलं पाणी, माठाखाली भांडं, भाजीचं पाणी झाडाला. ओंजळीचं सांगितलं नाही. वाटलं, सुटले.

तन्वी त्याच मुलांत होती. हुशार आहे, पोरांना गोळा कसं करायचं ते तिला येतं. पहिलीच्या वर्गात तिनं आधी गाणं म्हणून घेतलं — माझंच गाणं, तिला अजून पाठ आहे. मी मागे दाराशी उभी होते. मग तिनं सगळ्यांना ओळीत बसवलं आणि विचारलं, "एक ग्लास धुवायला किती पाणी लागते, माहीत आहे का?"

पुढे काय येणार, ते मला कळलं.

"हे माझ्या आत्यानं शोधून काढलंय," ती म्हणाली. केवढ्या अभिमानानं म्हणाली. "त्या तिथे उभ्या आहेत ना, आपल्या मॅडम, त्यांनी. बघा, असं करायचं. मनगटं जोडायची. करंगळ्या जुळवायच्या..."

बारकी बारकी पोरं होती. बाजारातल्या दुकानदारांची, शिक्षकांची, मजुरांची, आमच्यातली, त्यांच्यातली, मुसलमानांची, कोण कुणाशेजारी बसलंय याची एकालाही फिकीर नसलेली. खिडकीत त्यांच्या बाटल्या एकमेकींना टेकून ठेवलेल्या. माझ्या एका वाक्याचं काम होतं. "तन्वी, हे राहू दे." बस. पण ती विचारेल ना, का राहू दे? सगळ्यांसमोर विचारेल, घरी विचारेल, दादाला फोन करून विचारेल. मग दादा मायला विचारेल.

पोरांनी मनगटं जोडली. करंगळ्या जुळवल्या. कोपरं पोटाशी घेतली. तन्वी एकेकाचे हात नीट करत गेली, आणि मग तिनं मला हाक मारली. "आत्या, तू ओत ना. तुलेच चांगलं येते."

मी गेले. तांब्या उचलला. पहिलीच ओंजळ एका चिमुरडीची होती, डोळे मिटून हनुवटी खाली घातलेली.

मी वरून ओतलं. तिनं एक थेंबही सांडू दिला नाही.